टोळीची गाडी मी चालवणार

२ फेब्रुवारी, सोमवार

घेतलं! मला घेतलं! सिनेमात!

अक्षर बघ कसं आलंय. सकाळी बेकरीची गाडी घेऊन शेवटच्या दुकानाशी पोचले होते, टोस्टचे ट्रे उतरवत होते, तेवढ्यात फोन. ती परवाची चष्मेवाली मुलगी, सिनेमासाठी माणसं निवडते ती. "तुमचं फायनल झालंय." मी म्हटलं, "कोणाचं?" "अहो, तुमचंच!" मी ट्रे खाली ठेवला आणि दुकानदाराला मिठी मारली. म्हणजे त्याच्या कमरेला. बिचारा घाबरला.

सिनेमा चोरीचा आहे. पाच पोरं — कोणालाच नकोशी. घरातून हाकललेली, शाळेतून काढलेली, पुलाखाली झोपणारी. ती टोळी करतात आणि एका बड्या सराफाची तिजोरी फोडतात. चष्मेवाली म्हणते, दिग्दर्शकाला खरी माणसं हवीत. 'लोक ज्यांच्याकडे वळून बघतात अशी.' मग मी आहेच की! पावणेचार फूट उंची आणि हातात स्टिअरिंग. सिग्नलला थांबले की शेजारच्या गाडीतला माणूस आधी मला बघतो, मग सिग्नल, मग परत मला.

बाबा म्हणाले, "वा!" पण दोनदा म्हणाले. त्यांच्याकडून दोनदा म्हणजे खूप झालं. आई मशीनवर शिवत होती. मान वर केली नाही.

"हसायला नेतायत तुला."

आईचं हे असंच. ती माझ्याएवढीच आहे, खरं तर बोटभर कमी. लग्नाआधी सर्कशीत होती, विदूषक म्हणून. त्यावर घरात कोणी बोलत नाही. लोकांची गर्दी असेल तिथे ती जात नाही, माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभालाही आली नव्हती. मी विषय वाढवला नाही. आज भांडायचं नाहीये मला. आज मी हवेत आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बेकरीच्या मालकांना सांगितलं. "हिरॉइन झालीस, छान! आणि ब्रेड कोण पोचवणार?" रजा दिली मात्र. शिव्या देत देत दिली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज बाकीच्या टोळीला भेटले. काय माणसं आहेत!

एक लांब्या. साडेसहा फूट. मी शेजारी उभी राहिले तर त्याच्या गुडघ्याशी गप्पा मारल्यासारखं वाटतं. आत्तापर्यंत त्याने सिनेमात फक्त भुतं केली आहेत. "एकदा पहारेकरी मिळाला होता," म्हणाला, "पण तो पहिल्याच सीनमध्ये मरतो."

दुसरी मॅडम. सगळे तिला मॅडमच म्हणतात. मुलगा म्हणून जन्माला आली, सोळाव्या वर्षी घरच्यांनी दार बंद केलं, आता मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान चालवते. नखं अशी सुरेख रंगवलेली, आणि त्याच नखांनी फोनचे कणभर स्क्रू काढते! माझा फोन दहा मिनिटांत नीट करून दिला.

तिसरा तोतऱ्या — हे नाव त्याने स्वतःच सांगितलं, मी ठेवलेलं नाही. स्वतःची ओळख करून द्यायला त्याला दोन मिनिटं लागली. आम्ही सगळे थांबलो. कोणीही त्याचं वाक्य मध्येच पुरं केलं नाही. हे मला फार आवडलं.

आणि चौथा हिरो. त्याचे वडील पूर्वी मोठे नट होते. गोरापान, गुटगुटीत, दात असे की जाहिरातच. हा पुलाखाली झोपणार म्हणे. झोपेल बापडा, एसी लावला तर.

सोमवारी पटकथेचं वाचन. माझं पात्र काय असेल? डोकं चालवून थकले.

९ फेब्रुवारी, सोमवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

वाचन झालं. माझ्या पात्राचं नाव 'बटण'. ठीक आहे, गोड आहे. पण बटण करते काय? सराफाच्या न्हाणीघराला एक हातभर खिडकी. तिथून बटणला आत सोडतात. ती सरपटत जाते, मध्येच अडकते, पाय हलवते, लोक हसतात, आणि मग ती आतून दार उघडते. झालं! अख्ख्या सिनेमात चार वाक्यं. त्यातलं एक 'आई गं', दुसरं 'ढकला'.

बुटकी दिसली की खिडकीतून आत सोडायची! म्हणजे मी माणूस नाही, मांजर आहे.

आणि लांब्याला काय दिलंय? भिंतीला टेकून उभं राहायचं, बाकीच्यांनी त्याच्या अंगावरून चढायचं. मॅडमला काय? रखवालदारासमोर नाचायचं. नाचायचं! ती बिचारी म्हणाली, "मला नाचता येत नाही हो." दिग्दर्शक हसून म्हणाला, "येईल, येईल." आणि गाडी कोण चालवतो? हिरो. पळून जाताना, शहरभर, पोलीस मागे. हिरोला तर साधं लायसन्स नाही! मी विचारलं. वडिलांचा ड्रायव्हर आहे म्हणाला.

मी पाच वर्षं रोज पहाटे भरलेली गाडी बोळाबोळांतून काढते. एकदाही ओरखडा नाही. आणि मी खिडकीत अडकणार.

दिग्दर्शक वाईट माणूस नाही, तेच तर वाईट आहे. डोळ्यांत पाणी आणून सांगत होता, "या मुलांकडे समाज बघतच नाही, मी बघतोय." बघतोस खरा, पण काय दिसतंय तुला?

१० फेब्रुवारी, मंगळवार

बाबा म्हणाले, "नको असेल तर नाही म्हण. सोपं आहे." मी म्हटलं, सोपं नाही. नाही म्हटलं तर दुसरी कोणीतरी अडकेल त्या खिडकीत. आणि मला सिनेमात जायचंय! खोटं कशाला बोलू? फार जायचंय.

आई ऐकत होती. मशीन थांबलं. आणि पहिल्यांदा, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, स्वतःहून बोलली. म्हणाली, "मला बॅगेतून काढायचे. रोज तीन खेळ. एक माणूस लोखंडी बॅग घेऊन यायचा, धाडकन आपटायचा, उघडायचा, आणि मी बाहेर. लोक लोटपोट. बॅगेत हवा नसायची. मी आकडे म्हणायचे आत — एकशेदहापर्यंत गेलं की झाकण उघडणार हे माहीत होतं. एकदा एकशेनव्वदपर्यंत गेलं."

मग दोरा ओवायला लागली.  बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांनाही हे आकडे माहीत नसावेत असं वाटलं.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "तू त्यांना जाऊन सांग. मी कोणाला सांगितलं नाही, ते चुकलं."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

केलं! बोलले! आणि नुसती बोलले नाही!

सकाळी ब्रेड पोचवून रिकामी गाडी सरळ त्यांच्या ऑफिसाशी नेली. दिग्दर्शक खाली सिगारेट ओढत होता. काच खाली केली. म्हटलं, "बसा."

"कुठे जायचं?"

"बसा तर खरं."

बसला. बेकरीच्या गाडीत शेजारची सीट म्हणजे पिठाने माखलेली, त्याची काळी पँट पांढरी झाली.  बाजारामागचा तो बोळ, जिथे दोन सायकली समोरासमोर आल्या तर भांडण होतं — त्यातून गाडी काढली. मग गोदामांकडचं वळण. मग उतारावर उलटी घेतली, सबंध उतार, फक्त आरशात बघून. त्याने डॅशबोर्ड घट्ट धरला होता. पायाखाली बघत होता — बाबांनी पेडलवर बसवलेले लोखंडी उंचवटे. आम्ही त्यांना खडावा म्हणतो. सीटही बाबांनीच वर उचलून पुढे घेतली आहे. सरकारी तपासणी करून, पास करून.

थांबवली. मग म्हटलं, "मी खिडकीतून जाणार नाही. गाडी चालवेन."

तो पायाखालच्या खडावांकडेच बघत राहिला. मला वाटलं, गेलं, हातचं गेलं.  आणि मग तो लहान मुलासारखा हसायला लागला! "हे मला सुचलं का नाही?" म्हणाला. तीनदा म्हणाला. "अख्खा पाठलाग! पोलीस शोधतायत, आणि बाहेरून गाडीत कोणी दिसतच नाही! आणि आत तू!"

मी म्हटलं, "दिसत नाही असं काही नाही. डोकं दिसतं. उशी आहे खाली."

पण मला कळलं होतं. झालंय काम.

मग धीर करून शेवटचंही बोलून घेतलं. "आणि खिडकी?"

"खिडकी गेली. शब्द देतो."

हातात हात घेतला. त्याचा हात पिठाचा, माझा घामाचा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गंमतच झाली. मी बदलून घेतलं हे कळल्यावर सगळ्यांना कंठ फुटला! मॅडम दिग्दर्शकाकडे गेली — मी नाचणार नाही, कुलूप मी उघडेन, बारीक काम माझं आहे. लांब्या गेला — म्हणाला, अंगावरून चढू देईन, पण भिंतीवर मला चढवू नका, मला उंचीची भीती वाटते. साडेसहा फूट आणि उंचीची भीती! दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. तोतऱ्याने चिठ्ठी दिली: 'मला बोलू द्या. पोलिसांशी फोनवर सौदा मी करणार.' चिठ्ठी वाचून दिग्दर्शक खुर्चीत बसूनच राहिला. मग चहा मागवला आणि सगळं नव्याने लिहायला घेतलं.

निर्माता मात्र नाराज. जाडसर अंगठ्या घातलेला माणूस, आवाज मऊ. "खिडकी काढली तर लोक हसणार कुठे?" म्हणाला. "गंभीर गंभीर करून ठेवाल." दिग्दर्शक म्हणाला, "मी शब्द दिलाय." निर्माता माझ्याकडे बघून गोड हसला. मीही हसले. भाव खाऊन घेतला थोडा.

१ मार्च, रविवार

बाबांना सिनेमाचं काम! चोरीची गाडी म्हणून एक जुनी निळी गाडी आणली आहे, तिला माझ्या मापाच्या खडावा हव्यात. बाबा आज दिवसभर त्यांच्या वर्कशॉपात. मी माप द्यायला बसले, उठले, बसले, वीस वेळा. बाबा जमिनीवर आडवे, तोंडात बॅटरी, फक्त "दाब… सोड… दाब." बोल्टसुद्धा स्वतः लेथवर काढले. "हे कोणाला सहज निघायचे नाहीत," म्हणाले. त्यांना वाटतं कोणीतरी काढून नेईल!

आई विचारत होती, गाडी कोणत्या रंगाची. निळी म्हटलं. "निळ्या गाडीत पिवळं जॅकेट उठून दिसेल," म्हणाली. मी हसले. तिने लगेच मान खाली घातली.

९ मार्च, सोमवार

शूटिंग सुरू!

पहिला दिवस, आणि रंगभूषेच्या खोलीत मी हसून हसून पडले. हिरोला तासभर मळ लावत होते. मळाचे तीन डबे! एक 'धुळीचा', एक 'ग्रीसचा', एक 'जुना'. तो जुना मळ कानामागे लावतात. तिकडे लांब्या चार वर्षं खरंच बालसुधारगृहात होता. त्याने आरशात बघून विचारलं, "मला काय लावणार?" रंगभूषाकार म्हणाला, "तुला काही नको, तू तसाच चांगला आहेस." लांब्या म्हणाला, "मी सकाळी आंघोळ केलीय हो!"

आम्ही दोघं एवढे हसलो की बाहेरून 'शांतता' म्हणून ओरडले.

आणि तोतऱ्याची तर वेगळीच तऱ्हा. कॅमेरा सुरू झाला आणि त्याने अख्खं पान एका दमात म्हटलं. एकदाही अडला नाही! दिग्दर्शक: "अरे, तोतर ना!" तो म्हणाला, "द-द-दुसऱ्याचं ब-बोलताना नाही होत." आता त्याला तोतरायला शिकवतायत. त्यालाच! दुपारी तो जेवताना म्हणाला, आयुष्यभर लोक नीट बोल म्हणाले, आता नीट बोललो तर ओरडतायत. म्हणायला वेळ लागला त्याला, पण सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

शेवटी मॅडमनेच दिग्दर्शकाला सांगितलं, "त्याला बोलू द्या जसं येतं तसं. टोळीत तो बोलका असेल, काय बिघडलं?" आणि दिग्दर्शकाने ऐकलं! या सिनेमात काहीतरी होतंय. मला आतून वाटतंय.

१६ मार्च, सोमवार

नाही. नाही, नाही, नाही.

उद्या पाठलाग. आणि आज सांगतात, गाडी मी चालवणार नाही. विम्याचं काहीतरी, सुरक्षेचं काहीतरी, निर्मात्याचा हट्ट. मी फक्त थांबलेल्या गाडीत बसून चेहरा दाखवायचा. खरी गाडी स्टंटवाले काका चालवणार. माझ्यासारखा केसांचा टोप आणि माझं पिवळं जॅकेट घालून. काका पावणेसहा फूट! मिशीवाले! मिशी काढणार नाही म्हणाले, बायको घरात घेणार नाही. मग तोंडाला रुमाल बांधायचा ठरलंय.

म्हणजे लोकांना मी दिसणार, आणि चालवणार दुसरंच कोणी. असं करण्यापेक्षा खिडकी काय वाईट होती? रडले. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मी येतो उद्या. खडावा काढाव्या लागतील त्यांना, नाहीतर बसणार कसे?"

स्टंटवाल्या काकांना तसं सांगितलं तर म्हणाले, "बाळ, मी ट्रक चालवलेत, रणगाडा चालवलाय. तुझं खेळणं मला जड नाही."

बाळ! मी पंचवीस वर्षांची आहे.

१७ मार्च, मंगळवार

थांब, नीट लिहिते, सगळं लिहिते, एक शब्द सोडत नाही!

सकाळी गोदामांचा रस्ता बंद करून घेतला होता. तीन कॅमेरे. बाबा हत्यारांची पेटी घेऊन आले. काकांना म्हणाले, "दहा मिनिटं द्या, पेडल मोकळी करतो, सीट खाली घेतो." काका म्हणाले, "वेळ नाही, ऊन सरकतंय." आणि टोप, जॅकेट, रुमाल असे शिरले आत. शिरले कसले, कोंबले स्वतःला! जॅकेट कोपराशीच संपलं. डोकं छताला. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना, कानापर्यंत. खालून नुसते बूट. आणि बूट म्हणजे केवढे!

बाबांनी एकदा म्हटलं, "साहेब, तुमचा पाय दोन्ही पेडलवर एकदम पडेल." ऐकलं कोणी?

ॲक्शन!

गाडी दोन हात गेली, थांबली, उड्या मारल्या — एक, दोन, तीन — आणि मग सुसाट, पण वळली भलतीकडेच! गुडघ्याने स्टिअरिंग फिरलं होतं. सगळे पळाले. गाडी सरळ चहाच्या टेबलावर. टेबल, थर्मास, बिस्किटांचे डबे, आणि त्यामागची निर्मात्याची नाव लिहिलेली खुर्ची! खुर्ची चपटी! निर्माता सुदैवाने फोनवर बोलायला लांब गेला होता. कोणाला काही लागलं नाही. काकांना बाहेर काढायला मात्र चार माणसं लागली. बाहेर आले तर टोप उलटा आणि रुमाल गळ्यात, मिशीला चहा. मला म्हणाले, "बाळ… ताई, ही गाडी तुझीच आहे. माझ्या बापाला जमणार नाही."

ताई!

सगळे उभे. ऊन सरकत होतं. दिग्दर्शक निर्मात्याकडे बघतोय, निर्माता खुर्चीकडे बघतोय. बाबांनी वाकून पेडल तपासली, पुढचा बंपर हाताने ठोकून सरळ केला, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "तिला द्या."

निर्मात्याने खुर्चीवरची नजर न काढता मान हलवली, आणि मी बसले. उशी, खडावा, आरसा. शेजारी लांब्या घडी होऊन, मागे मॅडम, तोतऱ्या, हिरो. हिरोने पट्टा दोनदा तपासला. मॅडम म्हणाली, "सोड गं आता."

सोडली! काय सांगू! पहिलं वळण, दुसरं, मालाच्या खोक्यांमधून, मग तो अरुंद पट्टा जिथे दोन्हीकडे वीतभर जागा. लांब्या डोळे मिटून देवाचं नाव घेत होता, ते सगळं कॅमेऱ्यात आलंय. शेवटी उलटी, उतारावरून, आरशात बघून, आणि बरोबर खुणेच्या पट्टीवर ब्रेक. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त इंजिन. मग काच खाली केली तर टाळ्या! सगळे! लाइटवाले, चहावाला, काका! काका तर शिट्टी वाजवत होते.

आणखी दोनदा केलं. दोन्ही वेळा पट्टीवर.

घरी आल्यावर बाबांनी आईला सगळं सांगितलं, हातवारे करून. बाबा! हातवारे! आईने एकच विचारलं, "हसले का कोणी?" बाबा म्हणाले, "काकांना हसले. तिला नाही."

आई स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आली नाही.

१८ मार्च, बुधवार

अंग ठणकतंय. पण काय ठणकतंय!

२५ मार्च, बुधवार

आज माझं सगळ्यात मोठं बोलणं. चोरी झाल्यावर पाचही जण गाडीत, हिरो म्हणतो, तू आम्हाला सोडून पळून का नाही गेलीस? गाडी तर तुझ्याच हातात होती. लिहिलेलं वाक्य होतं: 'तुम्हीच माझं कुटुंब आहात.' मला ते गोड गोड वाटलं. दिग्दर्शकाला म्हटलं, असं कोणी बोलत नाही. "मग काय बोलशील?" म्हणाला. मी म्हटलं, "बघते."

कॅमेरा सुरू. हिरोने विचारलं. मी आरशात बघितलं, मागे तिघं, आणि तोंडातून निघालं, "गप बस. खाली उतरवीन." सगळे खरोखर हसले, हिरोही, आणि त्याच्या गालावरचा मळ ओघळला. दिग्दर्शकाने तेच ठेवलं. हिरो नंतर म्हणाला, मला इतकं खरं कोणी कधी ओरडलं नव्हतं. पोरगा चांगला आहे तसा. त्याला गाडी शिकवायचं कबूल केलंय.

२ एप्रिल, गुरुवार

संपलं. सगळे एकमेकांच्या गळ्यात. लांब्याने मला उचलून घेतलं, आधी विचारून. मी हो म्हटलं म्हणून. वरून सगळ्यांच्या डोक्यावरचे भांग दिसतात, मला माहीतच नव्हतं! मॅडमच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर. तोतऱ्याने भाषण केलं, सात मिनिटं, चार वाक्यं, उत्तम.

दिग्दर्शक म्हणाला, "तू सिनेमा वाचवलास." मला रडूच आलं. ओरडून सांगावंसं वाटलं सगळ्या रस्त्याला.

उद्यापासून ब्रेड.

११ जून, गुरुवार

आवाज द्यायला बोलावलं होतं. काचेच्या खोलीत, कानाला डबे लावून. पडद्यावर मी! माझी मान, माझा हात गिअरवर. सुरुवातीचा अर्धा तास मला नुसतं बघतच राहावंसं वाटलं, बोलायचं विसरले. फक्त माझी बोलायची दृश्यं दाखवतात, बाकी नाही. पण जी पाहिली — अगं! गाडी उतारावरून उलटी येते आणि मी मान न वळवता बसले आहे, काय रुबाब!

आईने विचारलं, "कधी येणार आहे तो सिनेमा?" सहज विचारल्यासारखं. मी म्हटलं, सप्टेंबर. "दुपारचा खेळ असतो ना? दुपारी गर्दी कमी असते," म्हणाली आणि पापड वाळत घातल्यासारखं कापड पसरायला लागली. मी आत जाऊन उशीत तोंड घालून नाचले. नाचता येत नाही, तरी.

२० ऑगस्ट, गुरुवार

उद्या सकाळी दहाला ट्रेलर! बेकरीच्या मालकांनी दुकानातला टीव्ही फोनला जोडून ठेवलाय. शेजारच्या काकूंनी अख्ख्या इमारतीला सांगितलंय. लांब्याचे सकाळपासून अठरा मेसेज.  उद्या सगळे मला गाडी चालवताना बघणार!

२१ ऑगस्ट, शुक्रवार

फोन थांबत नाही. 'काय भारी!' 'खिडकीत कशी घुसलीस गं, हसून मेलो!'

खिडकी?

चार वेळा बघितला. गाडी दोन सेकंद. त्याच्या आधी, सगळ्यात लांब, पिवळं जॅकेट, केसांचा टोप, पाठमोरी — हातभर खिडकीत अडकलेली, पाय हलवणारी. मागे टिंगलीचं संगीत. आणि 'आई गं' माझ्या आवाजात नाही.

दिग्दर्शक फोन उचलत नाही. चष्मेवालीने उचलला. रडत होती. "मे महिन्यात घेतलं. सात वर्षांचा मुलगा होता. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले."

आईने फोन हातातून घेतला. ट्रेलर एकदाच बघितला. "ही तू नाहीस. हे पोर आहे."

मग मशीनवर कापड टाकलं, केस विंचरले, चप्पल घातली.

"गाडी काढ," म्हणाली. "त्यांचं ऑफिस दाखव मला. आज मी बोलणार आहे."